एफ कॉर्डपाशी घोडं अडतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: गिटार शिकायला लागून चार महिने झाले. सी, जी, डी, ई मायनर, ए मायनर हे कॉर्ड नीट वाजतात. एफचा बारे कॉर्ड (ज्यात तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकावी लागते) धरला की मात्र सहापैकी तीन तारा बद्द वाजतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि गाण्यात एफ आला की ताल तुटतो. बोटं लहान आहेत. हा कॉर्ड जमेल का, की गिटार बदलावी?

जमेल. गिटार बदलायची गरज बहुधा नाही, पण ती तपासून मात्र घ्यायला हवी. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी बोटांच्या लांबीचं बघू, कारण ही शंका मनात राहिली की माणूस निम्म्या मनानेच सराव करतो. साध्या अकूस्टिक गिटारच्या नटची, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात तिची, रुंदी साधारण ४३ मिलिमीटर असते. त्यात पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर भरतं जेमतेम ३५-३६ मिलिमीटर. एवढी तर्जनी शाळकरी मुलाचीही असते. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारचा नट ५२ मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथे लहान हाताने कुरकुर केली तर मी ऐकून घेईन. स्टीलच्या तारांच्या गिटारवर नाही. गिटारवादक जँगो रेनहार्ट १९२८ साली आगीत होरपळला. त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळजवळ निकामी झाली, आणि तरीही उरलेल्या दोन बोटांवर त्याने जे सोलो वाजवले ते आजही चार बोटांच्या वादकांना घाम फोडतात. त्याच्यासारखं वाजवा असं मी म्हणत नाही. फक्त बोटांच्या मापाचा मुद्दा बाजूला ठेवू.

आता मूळ दुखणं. नवशिक्याला वाटतं की आपला जोर कमी पडतोय, म्हणून तो दातओठ खाऊन दाबतो. मग अंगठा दुखतो, मनगट आखडतं आणि तारा तरीही मुक्याच राहतात. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात खरोखर ताकद कमी पडल्यामुळे एफ अडलेले विद्यार्थी मला फार थोडे भेटले. बाकी सगळ्यांचा जोर भलत्या जागी खर्च होत होता.

एफचे फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधली घरं) सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून पहिल्या तारेपर्यंत असे आहेत: १, ३, ३, २, १, १. पाचवी तार अनामिका तिसऱ्या फ्रेटवर धरते, चौथी करंगळी तिसऱ्यावर, तिसरी मधलं बोट दुसऱ्यावर. या तीन तारा तर्जनीच्या खालूनही जातात, पण त्यांचा सूर दुसऱ्या बोटांनी ठरतो. तिथे तर्जनी नीट दाबली गेली काय आणि न गेली काय, काहीच फरक पडत नाही. तर्जनीवर जबाबदारी आहे ती सहावी, दुसरी आणि पहिली अशा फक्त तीन तारांची. एक टोकाची आणि दोन बुडाजवळच्या. मधला भाग थोडा पोकळ राहिला तरी चालतो.

हे कळलं की निम्मं ओझं उतरतं. म्हणूनच तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकट्या तिनेच खणखणीत वाजवायचा जो व्यायाम सगळीकडे सांगतात, तो मी नवशिक्याला देत नाही. एफला ज्याची गरजच नाही ते काम तो करायला लावतो, आणि त्यात अपयश आलं की माणूस खचतो. त्याऐवजी तर्जनी टाका आणि सहावी, दुसरी, पहिली एवढ्याच तारा एकेक करून छेडा. बाकीच्या तीन भण वाजेनात का.

तर्जनी ठेवायची कशी, यातही एक बारकावा आहे. बोटाची तळव्याकडची बाजू मऊ असते, शिवाय तिच्यावर सांध्यांच्या घड्या असतात. तार घडीत गेली की दाब पोचत नाही. म्हणून तर्जनी जराशी नटच्या दिशेने कलंडवा, म्हणजे तिची अंगठ्याकडची हाडाळ कड तारांवर येईल. अगदी आडवी नको, थोडीशीच. शिवाय बोट वर-खाली दोन-तीन मिलिमीटर सरकवून बघा. दुसरी तार नेमकी घडीत सापडत असेल, तर एवढ्याशा सरकवण्याने ती बाहेर येते. तर्जनीचं टोक सहाव्या तारेच्या किंचित पुढे गेलं तर बिघडत नाही, पण टोक नेमकं तारेवर टेकवण्याचा अट्टाहास केला तर घड्या भलत्या ठिकाणी येतात. प्रत्येकाच्या बोटाच्या घड्या वेगळ्या, त्यामुळे ही जागा तुमची तुम्हालाच शोधावी लागेल. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला चिकटून, पण पट्टीच्या वर न चढता. पट्टीपासून जितकं मागे जाल तितका जास्त जोर लागतो आणि खरखर वाढते.

जोर येतो कुठून हेही बघा. बोटं मिटणारे मोठे स्नायू हाताच्या पंजात नसतात, ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून निघालेले लांब कंडरे मनगटातून बोटांपर्यंत जातात. आता एक प्रयोग करा. मनगट आत पूर्ण वळवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. आवळता येत नाही. मनगट सरळ करा आणि पुन्हा आवळा. फरक लगेच कळेल. एफ धरताना बहुतेकांचं मनगट पहिल्या स्थितीत असतं, कारण गिटारची मान खाली झुकलेली असते आणि तिथे पोचायला मनगट मोडावं लागतं. गिटारची मान वर करा. बसून वाजवताना पट्टा लावा, किंवा क्लासिकलवाले ठेवतात तशी गिटार दुसऱ्या मांडीवर घेऊन मान तिरकी वर न्या. नुसत्या या बदलाने ज्यांचा एफ त्याच दिवशी निम्मा सुधारला असे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दुसरं, अंगठा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमट्यात मान आवळली, तर सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या छोट्या स्नायूंवर येतो आणि ते मिनिटभरात थकतात. तुमची कळ तिथलीच आहे. त्याऐवजी सगळा हात मागे ओढायचा. कोपर जरासं अंगाकडे आणा, दंड सैल सोडा आणि बोटं तारांवर अडकवून हात मागे खेचतोय असं करा. मान तुमच्याकडे ओढली जाईल. तिला अडवायला छेडणाऱ्या हाताचं कोपर गिटारच्या पोटावर टेकलेलं असतंच. हे बरोबर होतंय की नाही याची परीक्षा म्हणजे एफ धरलेला असताना अंगठा मानेपासून क्षणभर उचलून बघणं. कॉर्ड अजून बऱ्यापैकी वाजत असेल तर जोर योग्य ठिकाणाहून येतोय. अंगठा उचलताच सगळं कोसळत असेल तर तुम्ही अजून चिमट्यावरच आहात. कायम अंगठ्याशिवाय वाजवायचं नाही. अंगठा मानेच्या पाठीमागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर, हलकेच टेकलेला असावा.

हाताची पकड वाढवण्यासाठी स्प्रिंगची उपकरणं मिळतात. एफसाठी त्यांचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. ती मूठ आवळायला शिकवतात, आणि आपल्याला नेमकं तेच सोडायचं आहे.

आता गिटारकडे वळू. माझी पहिली गिटार हातात आली तेव्हा ती तपासावी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आठ महिने एफशी झटलो आणि माझ्या अंगात संगीतच नाही असा निष्कर्ष काढून मोकळा झालो. नंतर एका जाणत्या माणसाने तिचा नट घासून दिला. त्या संध्याकाळी एफ वाजला. तेव्हापासून नवीन विद्यार्थी आला की मी आधी त्याची गिटार मागून घेतो, मग त्याचा हात बघतो.

बारे कॉर्ड पहिल्या फ्रेटवर सगळ्यात जड जातो त्याचं कारण शेजारचा नट. नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर तारा तिथे उंच उभ्या असतात, आणि पहिल्याच फ्रेटवर त्यांना खाली आणायला फार जोर लागतो. स्वस्त गिटारींत हे नेहमी आढळतं, कारण खाचा हव्या तेवढ्या खोल करणं हे वेळखाऊ काम आहे. तपासणी सोपी आहे. एखादी तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या पट्टीवर तार आणि धातू यांच्यात किती फट आहे ते बघा. कागद कसाबसा सरकेल एवढी फट ठीक. पत्त्यांच्या जोडातलं पान आरामात आत जात असेल तर नट उंच आहे. मग बाराव्या फ्रेटवर पट्टीच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. अकूस्टिकवर सहाव्या तारेखाली २.५ आणि पहिल्या तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास असेल तर छान. सहावी तार ३.५ च्या वर असेल तर गिटार सेटअपला, म्हणजे जाणकाराकडून तारांची उंची जुळवून घ्यायला, द्या. नट घरी चाकूने किंवा करवतीच्या पात्याने कोरू नका. खाच जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते, आणि मग नवा नटच बसवावा लागतो.

तारांची जाडी हाही सोपा उपाय आहे. अकूस्टिकवर बहुधा बाराचा संच असतो, म्हणजे पहिली तार इंचाच्या १२ सहस्रांश जाड. दहाचा संच लावला तर फरक बोटांना लगेच जाणवतो. आवाज थोडा बारीक होतो, पण शिकण्याच्या काळात मी तो सौदा खुशाल करीन. कुणी म्हणेल की जाड तारांवर शिकलं की हात तयार होतो. मला यात तथ्य वाटत नाही. ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तरुणपणी कारखान्यातल्या अपघातात गेली, आणि तो डावखुरा असल्याने कॉर्ड धरायचा हात तोच होता. त्याने बोटांना घरगुती टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे सूरही खाली उतरवला. ब्लॅक सबाथचा तो अवजड आवाज अशा हलक्या तारांवरून आलेला आहे.

सूर उतरवण्याचा फायदा आकड्यात मांडता येतो. त्याच तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सहाही तारा अर्धा सूर खाली लावल्या की ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो, आणि पूर्ण एक सूर खाली लावल्या तर जवळजवळ २० टक्क्यांनी. इथे माझी एक आवडती युक्ती आहे. सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, बसवा. गिटारचे सूर नेहमीचेच राहतात, ताण कमी होतो आणि उंच नट वाटेतून पूर्णपणे बाजूला होतो, कारण आता नटचं काम कॅपो करतोय. तुमचा एफ प्रत्यक्षात दुसऱ्या फ्रेटवर येतो. नट दुरुस्त होईपर्यंत महिनाभर असं वाजवायला हरकत नाही. आणि या युक्तीने एफ एकदम सोपा झाला, तर दोष गिटारचा होता हेही कळतं.

सराव कुठून सुरू करायचा? पाचव्या फ्रेटवरून. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरला की तो ए मेजर होतो: ५, ७, ७, ६, ५, ५. तिथे दोन सोयी आहेत. नट लांब असल्यामुळे तारा सहज दबतात. शिवाय फ्रेट जवळजवळ असतात. तारेची वाजणारी लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिलं घर ३६ मिलिमीटर रुंद असतं आणि पाचवं साधारण २९. करंगळीला तेवढं कमी ताणावं लागतं. तिथे कॉर्ड स्वच्छ वाजला की दोन-तीन दिवसांनी चौथ्यावर या, मग तिसऱ्यावर, तिथे तो जी होतो. दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना पुन्हा एकदा अडखळाल. ते नटमुळे. घाबरू नका, तुमचं काही विसरलेलं नाही.

त्याआधी एक तयारी. साधा ई मेजर तुम्ही तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांनी धरत असाल. तोच ई आता मधलं बोट, अनामिका, करंगळी यांनी धरा: मधलं बोट तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, अनामिका पाचवीवर दुसऱ्याला, करंगळी चौथीवर दुसऱ्याला. तर्जनी मोकळी राहते. हा आकार एक घर पुढे सरकवला आणि मागे तर्जनी आडवी टाकली की झाला एफ. तर्जनी इथे सरकता नट आहे, दुसरं काही नाही. आठवडाभर सगळ्या गाण्यांत ई असाच धरा. करंगळीला चौथ्या तारेची सवय लागते, आणि खरं सांगायचं तर एफमध्ये तर्जनीइतकीच करंगळीही लंगडी असते. लोक तिच्याकडे बघत नाहीत एवढंच.

आता दाब किती हवा ते शोधायचं. कॉर्डचा आकार तारांवर नुसता ठेवा, अजिबात दाबू नका. छेडणारा हात सावकाश चालू ठेवा, सगळ्या तारा फटफट वाजतील. छेडता छेडता दाब हळूहळू वाढवत न्या. एका क्षणी सूर उमटू लागतील. तिथेच थांबा, त्याहून एक रतीही जास्त नको. मग दाब सोडत परत फटफटीपर्यंत या. असं पाच-सहा वेळा. बहुतेकांना याचा धक्का बसतो, कारण रोज ते लागणाऱ्या दाबाच्या दुप्पट दाबत असतात.

तरीही काही तारा मुक्या राहतील. त्या ऐकून निदान करा. कॉर्ड धरा आणि सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार छेडा. सहावी मुकी असेल तर तर्जनीचं टोक उचललं गेलंय किंवा पट्टीपासून मागे पडलंय. चौथी मुकी असेल तर बहुधा करंगळी पट्टीपासून लांब आहे, नाहीतर अनामिका तिला खालून टेकतेय. दुसरी मुकी असेल तर एक तर ती तर्जनीच्या घडीत आहे, नाहीतर मधलं बोट आडवं पडून तिला स्पर्श करतंय. मधल्या बोटाचा वरचा सांधा वाकवून ते टोकावर उभं करा. पहिली मुकी असेल तर तर्जनीचं बूड मानेपासून सुटलंय. हात थोडा वर किंवा खाली सरकवा.

तिसऱ्या तारेबद्दल वेगळं लिहितो, कारण तिचं महत्त्व कुणी सांगत नाही. एफमधले सहा सूर आहेत एफ, सी, एफ, ए, सी, एफ. एफला सा मानलं तर सा, प, सा, ग, प, सा. बघा, सा तीन वेळा आहे, प दोन वेळा आहे, आणि ग एकदाच. तो एकमेव ग तिसऱ्या तारेवर आहे. चौथी तार मुकी राहिली तरी सा आणखी दोन ठिकाणी वाजतोच, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तिसरी मुकी राहिली तर मागे उरतात फक्त सा आणि प, म्हणजे तानपुरा. कॉर्ड मेजर आहे की मायनर हे कानाला कळतच नाही. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत सहाही तारांचा हट्ट धरू नका. तिसरी तार आणि सर्वांत खालचा सा म्हणजे सहावी या दोन आधी स्वच्छ करा. गाणं तेवढ्यावर उभं राहतं. पहिली तार सगळ्यात शेवटी आली तरी चालेल.

इथपर्यंत एफ धरण्याबद्दल झालं. पण तुमची तक्रार गाण्यात ताल तुटतो अशीही आहे, आणि ती वेगळी गोष्ट आहे. बरेच जण अर्धा तास एफ धरून बसतात. गाण्यात एफ धरून बसायचं नसतं, तिथे पोचायचं असतं आणि तिथून निघायचं असतं. सराव त्याचाच हवा.

सीपासून सुरू करा, कारण सी आणि एफ शेजारी आहेत. सी धरला की अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असते, एफमध्येही ती तिथेच आहे. तिला उचलूच नका. मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसऱ्यावर उतरतं, त्याच दुसऱ्या फ्रेटवर. रिकाम्या झालेल्या चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला करंगळी पडते. तर्जनी दुसऱ्या तारेवर उभी आहे तशीच ठेवलीत आणि सहावी तार छेडली नाहीत, तर हा झाला एफ मेजर सेव्हन. त्याचा पहिल्या तारेवरचा मोकळा सूर म्हणजे शुद्ध नी, त्यामुळे कॉर्ड जरा हळवा वाजतो. संथ गाण्यात एफच्या जागी तो बेधडक चालतो. काही गाण्यांत तर मला तो एफपेक्षा जास्त आवडतो. आता यात एकच गोष्ट उरते, उभी तर्जनी आडवी करणं. म्हणजे सी, मग एफ मेजर सेव्हन, मग एफ असा जिना तयार होतो आणि प्रत्येक पायरीला एखाद-दुसरंच बोट हलतं. ए मायनरवरून येताना एवढी सोय नाही. जीवरून तर काहीच नाही, सगळी बोटं उचलावी लागतात. म्हणून जी ते एफ हा बदल शेवटी घ्या.

या बदलाचा सराव करताना तर्जनी सगळ्यात शेवटी टाका. लोक उलट करतात, आधी तर्जनी दाबून धरतात आणि मग बाकीची बोटं चाचपडत जागा शोधतात. तोवर तर्जनी दमलेली असते. बाकीची तीन बोटं जागेवर बसली की ती नुसती टेकवायची राहते. पुढे सगळी एकत्रच पडू लागतील. त्यासाठी हवेतला व्यायाम आहे: एफ धरा, बोटांचा आकार न मोडता तारांपासून सेंटिमीटरभर उचला आणि तशीच परत टेकवा. दहा वेळा. मग हात मांडीवर नेऊन परत या. हाताला आकार पाठ झाला पाहिजे, डोळ्यांना नव्हे.

मग घड्याळ लावून एक मिनिट सी-एफ, सी-एफ. प्रत्येक बदलानंतर एकच झटका. किती बदल झाले ते मोजून लिहून ठेवा. पहिल्या दिवशी आठ-दहा होतील. तीसच्या आसपास पोचलात की मध्यम लयीच्या गाण्यात एफ घ्यायला लागा, तो पूर्ण स्वच्छ नसला तरी. वाट बघत बसलात तर तो दिवस येत नाही.

ताल न तोडण्याची एक युक्ती मुरलेले वादकही वापरतात. चार मात्रांत खाली-वर असे आठ झटके असतील, तर आठव्या झटक्याला कॉर्ड धरणारा हात तारांवरून उचला आणि तो झटका मोकळ्या तारांवर पडू द्या. हात तेवढ्या वेळात एफकडे निघालेला असतो. कानाला ते खटकत नाही, झटका बारीक असतो आणि पुढच्या समेवर नवा कॉर्ड येतो. छेडणारा हात मात्र कधीही थांबवायचा नाही. एफ बद्द वाजला तर बद्द वाजू द्या, लय चालू ठेवा. ऐकणारा चुकलेला सूर माफ करतो, अडखळलेली लय नाही.

पळवाटाही सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही त्या शोधत बसणार नाही. सी, एफ, जी, ए मायनर असं गाणं असेल तर पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून जी, सी, डी, ई मायनर हे आकार धरा. सूर तेच येतात आणि एफ गायब होतो. उद्या चार लोकांसमोर वाजवायचं असेल तर खुशाल असं करा. छोटा एफ म्हणून जो चार तारांचा कॉर्ड शिकवतात, चौथीपासून ३, २, १, १, तो नावाइतका सोपा नाही. तर्जनी आडवी आणि तिच्या शेजारचं मधलं बोट उभं, हे सांभाळणं काहींना पूर्ण बारेहून कठीण जातं. मला तो मधली पायरी म्हणून फारसा आवडत नाही, पण हाताला जमत असेल तर घ्या. अंगठा मानेवरून पुढे आणून सहावी तार दाबायची गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची पद्धतही आहे. मान सडपातळ आणि अंगठा लांब असेल तर ती सुंदर चालते. जाड मानेच्या गिटारवर तिच्या नादी लागू नका.

वेळ किती द्यायचा? एफला एका बैठकीत पाच मिनिटं, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. तासभर सलग झटलात तर शेवटची पन्नास मिनिटं थकलेला हात चुकीच्या सवयी घोटवत बसतो. मधल्या वेळात बाकीची गाणी वाजवा. बोटांची टोकं दुखणं, तिथली त्वचा काही आठवड्यांत निबर होणं हे सगळं ठीक. मनगटात कळ, अंगठ्याच्या मुळाशी ठणका किंवा बोटांना मुंग्या आल्या तर मात्र लगेच हात खाली सोडा, आणि वाजवणं थांबवूनही ते जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. तुमची सध्याची कळ सवयीने जाईल अशी वाट बघू नका. आधी मान वर करा, अंगठा सैल सोडा आणि मगच पुन्हा धरा.

रोज हे केलं तर बहुतेकांचा एफ महिन्या-दोन महिन्यांत गाण्यात बसतो. मध्ये एक विचित्र टप्पा येतो. सकाळी स्वच्छ वाजलेला कॉर्ड संध्याकाळी वाजत नाही. असं सगळ्यांचंच होतं.

एफ बसला की लगेच एफ मायनर करून बघा. फक्त मधलं बोट उचलायचं, शुद्ध गचा कोमल ग होतो. ऐकायला सोपं, पण तो कोमल ग आता तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला आहे, म्हणजे तर्जनीच्या अंगावर. इतके दिवस पोकळ राहिलेली तिची मधली जागा आता भरीव लागते. तिथे तार घडीत जात असेल तर बोट पुन्हा दोन मिलिमीटर वर किंवा खाली, आणि मोकळ्या झालेल्या मधल्या बोटाचा भार तर्जनीच्या पाठीवर.